आधीं अस्तर, मग रंग

गेल्या वर्षींच्या शाळेच्या प्रदर्शनांत इयत्ता नववीच्या तीन विद्यार्थ्यांनीं आगगाडीचें एक लहान इंजिन मांडलें होतें. आपल्या खानदेशांत पाचोरा आणि जामनेर यांच्या दरम्यान अरुंद रुळांवरून एक छोटी गाडी धांवत असे, हें आमच्या वडील वाचकांना सांगावयास नको. ती गाडी सन २०२० मध्यें थांबली. या तिघांपैकीं एकाचे आजोबा तिच्यांतून बाजारास जात असत. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून आणि जुन्या छायाचित्रांवरून मुलांनीं हें इंजिन घडविलें. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचें माप त्यांनीं धरिलें, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग ३२ मिलिमीटरांवर आला. बॉयलर ॲल्युमिनियमच्या नळीचा, चालकाची खोली पितळी पत्र्याची, चाकें जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचीं आणि कठड्याचे दांडे लोखंडी तारेचे, असा सारा थाट होता. काम चार महिने चाललें. शेवटीं त्यावर काळा व तांबडा चकचकीत रंग चढला आणि दीड वीत लांबीचें तें इंजिन मेजावर उभें राहिलें.

पहिल्या दिवशीं त्याची फार वाहवा झाली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एका लहान मुलीनें कौतुकानें बॉयलरवरून बोट फिरविलें, तोंच रंगाचा एक पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून तिच्या बोटाला चिकटला. मुलगी घाबरून रडूं लागली. खालीं ॲल्युमिनियम जसेंच्या तसें लखलखत होतें. मग चाकें पाहिलीं, तर त्यांचाही रंग नखानें उचलून येत होता. परीक्षकांनीं आपल्या वहींत ‘रंगकाम कच्चें’ एवढेच दोन शब्द लिहिले, आणि चार महिन्यांच्या मेहनतीचें पारितोषिक दुसरीकडे गेलें.

परीक्षकांचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांचेंही चुकलें नाहीं. चूक आमची होती. रंगापूर्वीं अस्तराचा हात द्यावा काय, असें त्या तिघांनीं आम्हांस विचारिलें होतें. आणि ‘एवढ्याशा खेळण्याला अस्तर कशाला? पैसे वांचवा, रंग चांगला घ्या,’ असें उत्तर आम्हीं दिलें होतें. शिक्षकाचें वाक्य मुलांनीं प्रमाण मानिलें आणि त्याचें फळ त्यांना भोगावें लागलें. हा लेख लिहिण्याचें पहिलें कारण हेंच आहे. ज्या शाळेंत मुलांना आपल्या चुका वहींत लाल शाईनें दाखविल्या जातात, तेथें गुरुजींनींही आपली एक चूक काळ्या शाईनें छापावी, हें न्यायाचें आहे.

त्या दिवशीं सायंकाळीं त्या मुलांपैकीं एकाचे वडील आम्हांस भेटले. ते नवापूर तालुक्यांतील असून गवंडीकाम करितात. रागावतील असें आम्हांस वाटलें होतें. ते शांतपणें म्हणाले, “गुरुजी, आम्ही जुन्या गुळगुळीत भिंतीवर एकदम गिलावा थापीत नाहीं. आधीं छिन्नीनें टोचे मारतों, झाडतों, पाणी मारतों, मग गिलावा. नाहींतर पहिल्याच उन्हाळ्यांत पोपडे येतात. लोखंडापितळेचें निराळें असेल काय?” निराळें मुळींच नव्हतें. जें आम्हीं ग्रंथ वाचूनही ध्यानांत घेतलें नव्हतें, तें या गृहस्थांना हाताच्या अनुभवानें ठाऊक होतें.

तेव्हां आमचें मत आम्ही आरंभींच स्पष्ट सांगतों. धातूच्या प्रतिकृतीवर अस्तर, ज्याला दुकानांत प्रायमर म्हणतात, तें दिलेंच पाहिजे. तें धातु पाहून निवडलें पाहिजे. आणि निवडतांना मुलांच्या प्रकृतीचा विचार रंगाच्या शोभेच्या आधीं केला पाहिजे. या तिन्ही गोष्टींचीं कारणें आतां क्रमानें पाहूं.

लांकडाला, कागदाला किंवा मातीच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रें असतात. रंग त्यांत शिरतो आणि मुळें रोवल्याप्रमाणें तेथें धरून बसतो. धातूला असा आश्रय देतां येत नाहीं. त्याचा पृष्ठभाग घट्ट व गुळगुळीत असतो. शिवाय त्यावर तेलाचा, घामाचा किंवा हवेनें बनलेल्या भस्माचा एक थर असतो, जो डोळ्यांना बहुधा दिसतही नाहीं. वरचा चकचकीत रंग हा शोभेसाठीं बनविलेला असतो. धातूला घट्ट धरण्याचें काम त्याच्याकडून नीट होत नाहीं. तें काम अस्तराचें. अस्तर एका अंगानें धातूला धरतें व दुसऱ्या अंगानें रंगाला धरतें. नदीच्या दोन तीरांना जोडणाऱ्या पुलासारखें हें आहे. आणि पुलाच्या पायाकडे प्रवाशाचें लक्ष जात नाहीं, तसें अस्तराकडे पाहुण्यांचें लक्ष जात नाहीं.

आमच्या घरोघरीं हें ज्ञान पूर्वींपासून नांदत आहे. कल्हईवाला पितळी पातेलें तापवितो, त्यांत नवसागराची चिमूट टाकतो, कापसाच्या बोळ्यानें ती फिरवितो आणि मगच कथील लावतो. पांढरा धूर निघतो आणि भांडें क्षणांत रुप्यासारखें होतें. पुष्कळांना ही चमक कथलाची वाटते, आणि ती कथलाचीच असते. परंतु नवसागरानें धातूवरील भस्म काढून टाकलें नसतें, तर कथील थेंबाथेंबांनीं गोळा होऊन घरंगळलें असतें. नवसागर भांड्यावर शिल्लक राहत नाहीं, त्याचें नांवही कोणी घेत नाहीं. तथापि त्याच्यावांचून कल्हई होत नाहीं. अंबट पदार्थ पितळेनें कळकूं नयेत म्हणून आपल्या आया-आज्या ज्या कल्हईची वाट पाहत असत, तिचा सारा टिकाव या पहिल्या चिमटीवर अवलंबून असे.

आतां धातूंचा विचार करूं. येथें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण ‘धातु तो धातु’ अशी समजूत करून घेणें हीच पहिली चूक आहे.

लोखंडाचा शत्रु गंज. गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखालीं एका टांचणीएवढ्या जागीं जरी गंज धरला, तरी तो फुगून वरच्या रंगाला उचलतो आणि हळूहळू चोहोंकडे पसरतो. म्हणून लोखंडावरील अस्तर केवळ चिकटून भागत नाहीं, त्यानें गंजालाही अडविलें पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारें तांबूस रेड ऑक्साइड अस्तर खिडक्यांच्या गजांना आपण नेहमीं पाहतों. झिंक फॉस्फेट असलेलें अस्तर गंज अडविण्यास अधिक समर्थ असतें, आणि प्रतिकृतीच्या लोखंडी भागांसाठीं आम्ही तेंच पसंत करूं.

ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. तें हवेंत उघडें पडतांच त्यावर स्वतःचें अत्यंत पातळ व घट्ट भस्म तयार होतें. हें भस्म त्याचें रक्षण करतें खरें, परंतु रंगाला तेथें पाय रोवतां येत नाहीं. यासाठीं एच प्रायमर नांवाचें अस्तर वापरतात. त्यांत एक राळ व थोडें फॉस्फरिक आम्ल असतें. आम्ल धातूच्या पृष्ठावर किंचित् खोदकाम करतें आणि त्याच वेळीं फॉस्फेटचा थर बनवून राळेला तेथें गुंतवितें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जहाजांच्या उघड्या धातूसाठीं या जातीचें अस्तर प्रचारांत आलें. हें पितळेलाही चालतें.

फॉस्फेटचा थर धातूला कसा तारतो, याचें उदाहरण आपल्याच देशांत उभें आहे. दिल्लीस कुतुबमिनाराजवळील लोहस्तंभ सुमारें १,६०० वर्षें ऊनपाऊस सोशीत आहे. त्याच्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्यावर लोह-फॉस्फेटचा एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असें कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम् यांनीं दाखवून दिलें. प्राचीन लोहारांच्या भट्टींतून जें घडलें, त्याचेंच तत्त्व आज डब्यांत भरून मिळतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पितळेचा दोष असा कीं, तें हाताळतांच काळवंडतें आणि घामाचे डाग धरून ठेवतें. चिंचेनें घांसलें कीं पितळ उजळतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. चिंचेंतील आम्ल वरचें भस्म विरघळवितें. प्रतिकृतीच्या पितळेलाही हाच उपाय चालतो. मात्र चिंचेचा अंश मागें राहिला तर तेथें हिरवट डाग पडतो, म्हणून भरपूर पाण्यानें धुऊन लगेच कोरडें करावें. डाख दिलेल्या सांध्यांपाशीं तर अधिकच जपावें. डाखाच्या वेळीं लावलेलें आम्लयुक्त द्रव्य सांध्यांत उरलें, तर तें वर्षभरानंतरही अस्तराखालून फुटून येतें.

जस्ताचा स्वभाव सर्वांत फसवा. आपल्या गांवीं जस्ती पत्र्यांचीं घरें आहेत. त्या पत्र्यांना तेलरंग लावला म्हणजे एकदोन पावसाळ्यांत तो पापुद्र्यांनीं गळूं लागतो, हें कोणीं पाहिलें नाहीं? रंगारी वाईट होता असें आपण म्हणतों. खरें कारण असें कीं, तेलरंगांतील तेलाचा जस्ताशीं संयोग होऊन एक प्रकारचा साबण बनतो, आणि साबणावर रंग टिकत नाहीं. मुलांच्या इंजिनाचीं चाकें जस्ताच्या मिश्रधातूचीं होतीं आणि आम्हीं सुचविलेला रंग तेलरंग होता. तो रंग आज ना उद्यां सुटणारच होता. अशा भागांवर एच प्रायमर किंवा ‘जस्ती पत्र्यासाठीं’ असें ज्यावर स्पष्ट लिहिलेलें आहे असें अस्तरच द्यावें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग चार धातूंना चार डबे आणावे काय? तसें नव्हे. मुलांच्या इंजिनासारख्या मिश्र वस्तूला एकच अस्तर निवडावयाचें झाल्यास, उघड्या धातूसाठीं बनविलेलें आणि ॲल्युमिनियम, पितळ, जस्त व लोखंड या चारांचींही नांवें ज्याच्या डब्यावर आहेत, तेंच निवडावें. नुसता राखी रंग पाहून डबा उचलूं नये. खेळण्यांच्या प्लॅस्टिकसाठीं केलेलें राखी अस्तर आणि धातूसाठीं केलेलें राखी अस्तर दिसावयास सारखींच असतात. त्यांचे गुण मात्र निरनिराळे. उलट धातूचें जहाल अस्तर प्लॅस्टिकच्या भागावर गेलें, तर त्यांतील द्रावकानें प्लॅस्टिक विरघळूनही जाईल.

दुसरी कसोटी जाडीची. घराच्या खिडकीला जें अस्तर शोभतें, तें इंजिनाच्या खिडकीला शोभत नाहीं. याचें गणित सोपें आहे आणि पांचवींतील मुलगाही तें करूं शकेल. कुंचल्यानें दिलेला साधा हात वाळल्यावर ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा हिस्सा जाड राहिला असें धरा. इंजिन चोविसाव्या हिश्शाचें असल्यामुळें तो थर खऱ्या इंजिनावर १.२ मिलिमीटर जाडीचा झाला असता. असे तीन हात दिले, तर साडेतीन मिलिमीटरांहून जाड लेप झाला! मग रिव्हेटांचीं डोकीं बुजलीं, दाराच्या कडा गोल झाल्या आणि मुलांनीं सुईच्या टोंकानें केलेलें काम रंगाच्या चिखलांत बुडालें, तर नवल काय? एच प्रायमरचा थर सुमारें १० मायक्रॉनच पुरतो. म्हणून प्रतिकृतीचें अस्तर पातळ असावें, आणि तेंही एका जाड हातापेक्षां दोन विरळ हातांनीं द्यावें.

तिसरी कसोटी मेळाची. खालचें अस्तर मऊ व वरच्या रंगाचें द्रावक जहाल असेल, तर अस्तर भिजून त्याला सुरकुत्या पडतात. तेलरंगाच्या अस्तरावर लॅकर जातीचा रंग मारून हा अनुभव पुष्कळांनीं घेतला असेल. अस्तर व रंग शक्यतों एकाच कारखान्याच्या एकाच जातीचे घ्यावे, आणि इंजिनावर हात घालण्यापूर्वीं टाकाऊ पत्र्यावर परीक्षा करावी.

अशी परीक्षा आम्हीं यंदा वर्गांत केली. ॲल्युमिनियम, पितळ, जस्ती पत्रा आणि लोखंड यांच्या पट्ट्या घेतल्या. कांहीं न धुतां रंगविल्या. कांहीं साबणानें धुऊन व बारीक कांचकागदानें घांसून रंगविल्या. कांहीं धुऊन, घांसून, अस्तर देऊन मग रंगविल्या. आठवडाभर वाळूं दिल्यावर पात्यानें बारीक चौकटी आंखल्या, त्यावर चिकटपट्टी दाबून लाविली आणि झटक्यानें ओढली. न धुतलेल्या चारी पट्ट्यांचा रंग पट्टीबरोबर आला. धुतलेल्या परंतु अस्तर नसलेल्यांपैकीं ॲल्युमिनियम व जस्ती पत्रा उघडे पडले, पितळ अर्धेंमुर्धें टिकलें; लोखंडाचा रंग टिकला, पण तीन दिवस ओलाव्यांत ठेवतांच आंखलेल्या रेषांखालून गंज सरकूं लागला. अस्तर दिलेल्या पट्ट्या मात्र तशाच राहिल्या. एका विद्यार्थ्यानें स्वतःच्या बुद्धीनें एक पांचवी पट्टी केली होती: तेलकट पत्र्यावर उत्तम अस्तर आणि त्यावर रंग. तो रंग अस्तरासकट निघाला. आमच्या मतें साऱ्या प्रयोगांतील अधिक मोलाचा धडा या पांचव्या पट्टीनें दिला. महाग अस्तर हें अस्वच्छतेचें प्रायश्चित्त नव्हे.

धातु खरोखर स्वच्छ झाला कीं नाहीं हें ओळखण्याची युक्ति फुकट आहे. धुतलेल्या भागावर पाणी ओतावें. पाणी एकसंध पसरून राहिलें तर तेल गेलें. त्याचे थेंब होऊन तुटलें तर तेल राहिलें, पुन्हां धुवावें. त्यानंतर मात्र उघड्या बोटानें स्पर्श करूं नये. बोटाच्या घामांतील मीठ व तेल एवढ्यानेंही काम नासतें.

आतां प्रकृतीचा प्रश्न. आणि येथें पालकांनीं आमचें बोलणें विशेष मनावर घ्यावें. जुन्या काळीं लोखंडी पुलांना आणि जहाजांना शेंदरी अस्तर देत. जवसाच्या तेलांत खललेला तो शेंदूर म्हणजे शिशाचें भस्म. गंज अडविण्यांत त्याची बरोबरी क्वचितच कोणी करी, आणि अजूनही कांहीं जुने जाणते कारागीर मुलांना तोच सल्ला देतात. परंतु शिसें हें विष आहे. तें शरीरांत सांठत जातें आणि वाढत्या मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करितें. वाळलेला रंग कांचकागदानें घांसतांना उडणारी धूळ तर थेट पोटांत व छातींत जाते. घरगुती व सजावटीच्या रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम आपल्या सरकारनें सन २०१६ मध्यें केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. तो नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरताच आहे. म्हणून कारखान्यासाठीं बनविलेला डबा स्वस्तांत मिळाला तरी तो मुलांच्या हातीं देऊं नये. तसेंच पिवळसर झिंक क्रोमेटचें अस्तर विमानांच्या ॲल्युमिनियमवर फार वापरलें गेलें. त्यांतील क्रोमियमचीं संयुगें कर्करोग उत्पन्न करणारीं आहेत. एच प्रायमर घेतांना तें क्रोमेटविरहित आहे हें डब्यावर वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत.

एच प्रायमरचा फवाराही मुलांच्या हातीं देण्याजोगा नाहीं. त्यांत आम्ल आहे आणि द्रावकाची वाफ आहे. कापडाची मुखपट्टी त्या वाफेला अडवीत नाहीं. तो फवारा मोठ्या माणसानें, उघड्या हवेंत, वाऱ्याकडे पाठ करून मारावा. मुलांनीं धुणें, घांसणें, पाण्याची परीक्षा करणें आणि वरचा रंग देणें हीं कामें करावीं. लहान वर्गांसाठीं पाण्यांत मिसळणारें धातूचें अस्तर कुंचल्यानें देणें उत्तम. तें धरावयास किंचित् दुबळें असेल. पण दुबळा रंग पुन्हां देतां येतो, मुलाची प्रकृति पुन्हां देतां येत नाहीं.

हवेचाही विचार करावा. आपल्या नंदुरबारास पावसाळ्यांत हवा दमट असते. अशा हवेंत लॅकर जातीचा रंग वाळतांना त्यावर पांढुरकी झांक येते आणि एच प्रायमर तर ओलाव्यानें बिघडतेंच. वैशाखाच्या कडक उन्हांत फवारा वस्तूवर पोहोंचण्यापूर्वींच अर्धा वाळतो आणि पृष्ठ कांचकागदासारखें खरखरीत होतें. शिवाय त्याच दिवसांत वाऱ्याबरोबर धूळ असते. दिवाळीनंतरचे, कार्तिक-मार्गशीर्षाचे कोरडे दिवस या कामास योग्य. सकाळीं दंव उडून गेल्यावर आरंभ करावा. मिरचीच्या पथारींचा हंगामही त्याच सुमारास असतो, तेव्हां त्या बाजूच्या वाऱ्यांत ओलें इंजिन ठेवूं नये, एवढें आमच्या गांवच्या मुलांना वेगळें सांगणें नको.

आमच्या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप खर्चाचा. आमचे बहुतेक पालक शेतकरी, मजूर व लहान दुकानदार आहेत. दोनशें रुपये त्यांना लहान वाटत नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु मागील वर्षीं अस्तराचे पैसे वांचवून त्या मुलांनीं घेतलेला महाग रंग शेवटीं कागदांत गुंडाळून फेकून द्यावा लागला. स्वस्त रंगाखालीं चांगलें अस्तर टिकतें. महाग रंगाखालीं अस्तरच नसेल तर कांहींच टिकत नाहीं. शिवाय एक डबा दहा प्रतिकृतींना पुरतो. तो शाळेनें घ्यावा व सर्वांनीं वापरावा, म्हणजे एकाही मुलाच्या घरीं त्याचा भार पडणार नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, ही शाळा आहे, कारखाना नव्हे. प्रदर्शन दोन दिवसांचें, मग इतका खटाटोप कशासाठीं? या आक्षेपाचा आम्हांस अधिक राग येतो, कारण गेल्या वर्षीं तो आमच्याच तोंडून निघाला होता. स्कॉटलंडमधील फोर्थचा लोहमार्गी पूल सन १८९० मध्यें खुला झाला. त्याचें रंगकाम कधींच संपत नाहीं, एका टोंकाला पोहोंचावें तों दुसऱ्या टोंकापासून पुन्हां आरंभ करावा लागतो, अशी जगभर म्हण पडली होती. सन २००२ ते २०११ या वर्षांत तेथील लोकांनीं जुने थर काढून पोलाद उघडें केलें, त्यावर जस्तयुक्त अस्तर दिलें आणि मग वरचे दोन हात दिले. आतां तें काम निदान वीस वर्षें टिकावें अशी अपेक्षा आहे. ही म्हण खोटी पाडली ती वरच्या रंगानें नव्हे; उघडें पोलाद, योग्य अस्तर आणि त्यासाठीं दिलेला वेळ यांनीं ती खोटी पाडली. आमचीं मुलें उद्यां तापीवरील पुलांवर, रेल्वेच्या कारखान्यांत, मोटारींच्या दुकानांत आणि स्वतःच्या शेतांतील पंपांवर काम करतील. दोन दिवस पुरेल तेवढेंच काम करावें, ही शिकवण शाळेनें दिली तर ती दोन दिवसांनीं पुसली जाणार नाहीं.

म्हणून शाळेच्या चालकांस व परीक्षकांस आमची विनंति आहे. प्रदर्शनाच्या गुणांपैकीं कांहीं गुण, जें डोळ्यांना दिसत नाहीं त्या कामासाठीं राखून ठेवावे. प्रत्येक गटानें एक वही ठेवावी आणि कोणता भाग कोणत्या धातूचा, तो कसा धुतला, कोणतें अस्तर दिलें, किती वेळ वाळूं दिलें, हें तींत लिहावें. वस्तूबरोबर तशाच रीतीनें रंगविलेली एक पट्टी मांडावी. परीक्षकांनीं चिकटपट्टी त्या पट्टीवर लावावी, मुलांच्या इंजिनावर नव्हे. आणि ज्यांची पट्टी उघडी पडेल, त्यांना ‘कच्चें’ असा एक शब्द देऊन न सोडतां कारण शोधण्यास सांगावें. कारण सांपडलें तर तें प्रदर्शनांतील मोठें पारितोषिक समजावें.

पालकांसही एक सांगावयाचें आहे. तुमच्यापैकीं कोणी गवंडी आहेत, कोणी लोहार, कोणी सुतार, कोणी गॅरेजमध्यें गाड्या रंगवितात. वरच्या थराखालीं काय करावें लागतें, हें तुम्हांस आमच्यापेक्षां पुष्कळ अधिक ठाऊक आहे. गेल्या वर्षीं त्या गवंडीकाम करणाऱ्या पालकांस आम्हीं महिनाभर आधीं बोलाविलें असतें, तर ही फजिती झाली नसती. आपल्याला फारसें शिक्षण नाहीं, शाळेंत आपलें काय काम, असें म्हणून कोणी दूर राहूं नये. यापुढें रंगकामाच्या दिवसांत शाळेचें दार तुम्हांस उघडें राहील.

तीं तीन मुलें आतां दहावींत आहेत. दिवाळीच्या सुटींत त्यांनीं इंजिनावरचा सारा रंग काढला, सुटे भाग वेगळे केले, पाण्याची परीक्षा दोनदां घेतली. क्रोमेट नसलेल्या अस्तराचा फवारा आम्हीं स्वतः शाळेच्या पटांगणांत मारला. त्यांनीं तो सात दिवस वाळूं दिला. त्या राखी अवस्थेंत इंजिन अगदींच निस्तेज दिसत होतें. एका मुलानें हंसून विचारिलें, “गुरुजी, हें असेंच मांडलें तर?” आम्हीं क्षणभर विचार केला आणि एक बाजू तशीच राखी ठेवावी असें ठरविलें. यंदाच्या प्रदर्शनांत तें इंजिन पुन्हां त्याच मेजावर असेल; एका अंगानें काळें-तांबडें, दुसऱ्या अंगानें राखी. गेल्या वर्षीं जी लहान मुलगी रडली होती, तिच्या आईवडिलांनीं तिला अवश्य घेऊन यावें, आणि तिला त्यावरून खुशाल बोट फिरवूं द्यावें.